आवृत्ती बदलली आणि कट्टे दुप्पट झाले

गेल्या सोयाबीन हंगामात, लातूरच्या बाजारात आवक भरात असताना, एका आडत दुकानाच्या मुनीमजींचा सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. "साहेब, कट्टे डबल यायलेत," एवढेच ते म्हणाले. मागे हमालांचा गलका ऐकू येत होता. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २३ कट्टे, म्हणजे सोयाबीनची पोती, आणले होते आणि पडद्यावर ४६ दिसत होते. शेतकऱ्याने घरून निघतानाच कट्टे मोजून वहीत लिहिले होते, म्हणून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, छापण्याआधीच ही चूक पकडली गेली. वजन दुप्पट म्हणजे खरेदीदाराच्या नावावर त्याने न घेतलेला माल, आणि आमच्या प्रोग्राममध्ये हमाली व तोलाई कट्ट्यांच्या संख्येवरून निघत असल्यामुळे शेतकऱ्याच्या पट्टीतून दुप्पट कपात. मुनीमजींनी त्या दिवशी संगणक बाजूला ठेवून सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या. मी दुपारी दुकानात जाऊन बसलो तो रात्री उठलो.

हिशेबाच्या कोडला कोणीही हात लावलेला नव्हता. बदल एकच झाला होता. आदल्या रविवारी, बाजार बंद असताना, मी त्या प्रोग्रामचा पडद्याचा भाग व्ह्यू या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसऱ्या आवृत्तीवर आणला होता. हा प्रोग्राम २०१८ मध्ये लिहायला घेतला तेव्हा व्ह्यू २ हीच चालू आवृत्ती होती. तिसरी आवृत्ती १८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाली, ७ फेब्रुवारी २०२२ पासून तीच मुख्य आवृत्ती ठरली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल ३१ डिसेंबर २०२३ रोजी थांबली. ज्या लायब्ररीत यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणार नाहीत तिच्यावर लोकांच्या पैशांचा हिशेब चालू ठेवणे मला पटत नव्हते, म्हणून हे काम हाती घेतले, आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. घोटाळा झाला तो कस्टम इव्हेंट हाताळण्यात. तो सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण आडत दुकाने, जिनिंग, दूध संकलन केंद्रे, पतसंस्था यांच्यासाठी एकट्याने किंवा दोघातिघांत असे प्रोग्राम सांभाळणारे माझ्या ओळखीचे लोक लातूरपासून परभणीपर्यंत आहेत आणि त्यांच्यापैकी काहींचा कोड अजून दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. कोडमधले शब्द मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो.

इव्हेंट म्हणजे पडद्यावर घडलेली घटना. ब्राउझरचे स्वतःचे इव्हेंट असतात: क्लिक, चेंज, इनपुट, सबमिट. ते पडद्यावरच्या एलिमेंटवर, म्हणजे बटण, रकाना अशा घटकावर, घडतात आणि तेथून वर, त्या एलिमेंटला पोटात घेणाऱ्या एलिमेंटांपर्यंत चढत जातात. कस्टम इव्हेंट आपण ठरवतो. व्ह्यूमध्ये एखादा कंपोनेंट, म्हणजे पडद्याचा स्वतंत्र तुकडा, '$एमिट' या मेथडने नाव घेऊन इव्हेंट पुकारतो आणि त्याला पोटात घेणारा पालक कंपोनेंट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मांडणीत, '@' हे चिन्ह लावून त्या नावाचा इव्हेंट ऐकतो. आमच्या बाजारातली रीत डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन समजते. मापाडी काट्यावरचे वजन पुकारतो आणि मुनीम ते लिहून घेतो; मापाड्याला वही माहीत नसते आणि मुनीमाला काट्याला हात लावावा लागत नाही. कंपोनेंटांची विभागणीही अशीच असावी लागते. ब्राउझरच्या इव्हेंटांपेक्षा येथे एक फरक मात्र महत्त्वाचा आहे: व्ह्यूच्या कंपोनेंटने पुकारलेला इव्हेंट वर चढत नाही. तो थेट पालकाला ऐकू जातो, आजोबाला नाही.

आता त्या दुपारी काय सापडले ते सांगतो. आमच्या प्रोग्राममध्ये सगळ्या पडद्यांवरची बटणे एकाच कंपोनेंटमधून येतात, म्हणजे रंग, आकार आणि 'थांबा' ही अवस्था एकाच ठिकाणी सांभाळता येते. या कंपोनेंटच्या मुळाशी साधे बटण-एलिमेंट आहे, आणि त्याच्यावर क्लिक झाले की कंपोनेंट 'क्लिक' याच नावाचा कस्टम इव्हेंट पुकारतो. पालक '@क्लिक' लिहून तो ऐकतो आणि कट्ट्याची नोंद जतन करतो. दुसऱ्या आवृत्तीत कंपोनेंटवर लिहिलेला '@क्लिक' म्हणजे फक्त त्या कंपोनेंटने पुकारलेला इव्हेंट. ब्राउझरचा खरा क्लिक हवा असेल तर मुद्दाम '.नेटिव्ह' अशी पुस्ती जोडावी लागत असे. तिसऱ्या आवृत्तीत ही पुस्ती काढून टाकली आहे. तिच्या जागी नियम असा आला की, कंपोनेंटने जो इव्हेंट 'एमिट्स' या यादीत स्वतःचा म्हणून जाहीर केलेला नाही, त्याचा लिसनर, म्हणजे तो इव्हेंट ऐकणारा कोड, इतर ॲट्रिब्यूटांसारखाच (एलिमेंटला जोडलेल्या गुणधर्मांसारखाच) कंपोनेंटच्या मूळ एलिमेंटवर जाऊन बसतो.

माझ्या बटणाने काहीही जाहीर केलेले नव्हते, कारण २०१८ मध्ये असे काही जाहीर करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे मुनीमजींनी एकदा बटण दाबले की प्रथम कंपोनेंट 'क्लिक' पुकारत होता आणि नोंद जतन होत होती; शिवाय पालकाचा तोच लिसनर मूळ बटणावरही बसलेला असल्यामुळे ब्राउझरचा खरा क्लिकही त्याला ऐकू जात होता आणि नोंद पुन्हा जतन होत होती. मापाड्याने पुकारलेले वजन मुनीमाने लिहिले, आणि काट्याशी उभ्या हमालाने तेच वजन म्हटले तर तेही नवीन कट्टा समजून लिहिले, असा हा प्रकार होता. दोन्ही हाका एकाच क्षणी येत असल्याने पहिल्या नोंदीनंतर रकाना रिकामा होण्याआधीच दुसरी नोंद तयार होत होती, म्हणून दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या होत्या. कोठेही एरर नव्हती आणि कन्सोल, म्हणजे ब्राउझरची इशारे दाखवणारी खिडकी, स्वच्छ होता.

हा नियम प्रथम मला अन्यायाचा वाटला होता, पण विचार केल्यावर त्यामागचे कारण पटले. दुसऱ्या आवृत्तीत '.नेटिव्ह' लिहिणाऱ्या पालकाला कंपोनेंटच्या पोटात मूळ एलिमेंट कोणते आहे हे गृहीत धरावे लागत असे. उद्या कोणी त्या इनपुटभोवती लेबल गुंडाळले की मूळ एलिमेंट बदलायचे आणि फोकससारखा न चढणारा इव्हेंट गुपचूप ऐकू येईनासा व्हायचा. शिवाय लिसनर '$लिसनर्स' मध्ये आणि बाकीचे ॲट्रिब्यूट '$ॲट्रस' मध्ये, अशी दोन खाती सांभाळावी लागत. तिसऱ्या आवृत्तीने ती दोन्ही खाती एक केली. लिसनर म्हणजे 'ऑन' ने सुरू होणारा एक ॲट्रिब्यूट, इतके सोपे केले. पण खाते एक झाल्यावर '@क्लिक' हा कंपोनेंटसाठी आहे की एलिमेंटसाठी, हे लायब्ररीला कळणार कसे? ते कंपोनेंटनेच सांगितले पाहिजे. 'एमिट्स' ही यादी त्यासाठी आहे. जुन्या कोडमध्ये ती यादी नसते आणि नव्या नियमात तिचा अभावही अर्थपूर्ण ठरतो, म्हणून अपग्रेडनंतरची ही सगळ्यांत धोक्याची जागा आहे असे माझे मत आहे.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पहिलीपेक्षा अवघड होती. मालाचा प्रकार निवडण्यासाठी, म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद यांतून एक निवडण्यासाठी, एक छोटा कंपोनेंट आहे. त्याच्या मुळाशी डिव्ह-एलिमेंट (नुसती बाहेरची चौकट), आत लेबल आणि निवडीची यादी. निवड बदलली की तो 'चेंज' हा कस्टम इव्हेंट पुकारतो आणि सोबत मालाचा सांकेतिक क्रमांक देतो. नव्या आवृत्तीत पालकाचा लिसनर बाहेरच्या डिव्हवर जाऊन बसला. आतल्या यादीवर घडलेला ब्राउझरचा खरा चेंज वर चढत डिव्हपर्यंत आला आणि लिसनरला पुन्हा जाग आली. या वेळी त्याच्या हातात मालाचा क्रमांक नव्हता, ब्राउझरचा इव्हेंट-ऑब्जेक्ट होता. पहिल्या हाकेने बरोबर भरलेला क्रमांक दुसऱ्या हाकेने पुसला, आणि पडद्यावर मालाच्या नावाच्या जागी 'ऑब्जेक्ट इव्हेंट' अशी चौकटी कंसातली अक्षरे आली. मुनीमजींना वाटले की मालाच्या यादीतच बिघाड आहे, आणि अर्धा तास मीही डेटाबेसमधला मालाचा तक्ता तपासत बसलो. असे निरर्थक ऑब्जेक्ट कोठे उमटलेले दिसले, तर मी आता पहिली शंका जाहीर न केलेल्या इव्हेंटाचीच घेतो. चेंज, इनपुट आणि सबमिट ही तीन नावे यात विशेष घातक आहेत, कारण कस्टम इव्हेंटाला हीच नावे देण्याची सवय आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाला होती.

रविवारी तपासताना हे का दिसले नाही, हा प्रश्न मला त्या रात्री सर्वांत जास्त छळत होता. उत्तर दोन ठिकाणी होते. पहिले म्हणजे 'कॉम्पॅट' बिल्ड. बिल्ड म्हणजे लायब्ररीची वापरायला तयार प्रत. व्ह्यू ३.१ सोबत, २०२१ मध्ये, स्थलांतरासाठी, म्हणजे जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी, हा खास बिल्ड आला. तो तिसरी आवृत्तीच असतो, पण जुन्या रीतीने वागतो आणि जेथे जुनी रीत वापरलेली आढळते तेथे कन्सोलवर इशारा देतो. मी महिनाभर त्याच्यावर काम करत होतो आणि इशारे एकेक करून मिटवत होतो. पण लिसनर जुन्या पद्धतीने वेगळे ठेवण्याचे कामही तोच बिल्ड करतो, त्यामुळे त्याच्या छत्राखाली दुहेरी हाक कधी ऐकूच आली नाही. इशारे संपले, म्हणून रविवारी मी तो बिल्ड काढला, आणि त्यानंतर पडदे नुसते उघडून पाहिले. पूर्ण व्यवहार करून पाहिला नाही. नव्या आवृत्तीची स्वतःची एक सोय आहे: कंपोनेंटने यादीत नसलेला इव्हेंट पुकारला तर ती विकासाच्या बिल्डमध्ये इशारा देते. मात्र ज्या कंपोनेंटला यादीच नाही त्याच्याबाबतीत ती गप्प राहते. ज्याने एक तरी इव्हेंट जाहीर केला त्याच्याच बाकीच्या इव्हेंटांची चौकशी होते. माझ्या कोणत्याही कंपोनेंटला यादी नव्हती.

दुसरे ठिकाण म्हणजे माझ्या चाचण्या. त्या सगळ्या हिरव्या, म्हणजे यशस्वी, होत्या. उघडून पाहिले तर प्रत्येक चाचणी 'हँडलर (इव्हेंट ऐकल्यावर चालणारे फंक्शन) बोलावला गेला का' एवढेच विचारत होती, आणि तो बोलावला गेलाच होता, दोनदा. आता मी प्रत्येक ठिकाणी 'नेमका एकदाच बोलावला गेला का' असे विचारतो आणि त्याच्या हातात काय आले हेही तपासतो. शिवाय या चाचण्या एकट्या कंपोनेंटवर न करता त्याला पालकात बसवून करतो, कारण ही चूक कंपोनेंटमध्ये एकट्याने दिसतच नाही. ती दोघांच्या मधल्या जागेत राहते.

दुरुस्ती करताना सरसकट एकच उपाय लावला नाही. बटणासारखा जो कंपोनेंट केवळ बाह्यरूपासाठी असतो, त्याच्यातून '$एमिट' पूर्ण काढून टाकले. लिसनर मूळ बटणावर आपोआप जाऊन बसतो, खरा क्लिक पालकाला मिळतो, आणि मध्ये कोणी पुन्हा पुकारण्याची गरज उरत नाही. जुन्या आवृत्तीत जे लिहावे लागत होते ते नव्या आवृत्तीत काढून टाकणे हीच येथे दुरुस्ती होती. पण ज्या कंपोनेंटला स्वतःचे काही सांगायचे असते, जसे मालाची निवड, वजनाचा अर्ज, शेतकऱ्याचा शोध, त्यांच्यात 'एमिट्स' यादी लिहिली आणि इव्हेंटांची नावेही बदलली. आमच्या कोडमध्ये इव्हेंटांची नावे मराठीच आहेत, फक्त रोमन लिपीत: 'माल-निवडला', 'वजन-नोंदले', 'पट्टी-रद्द-केली'. नाव भूतकाळी क्रियापदाचे असावे असा मी नियम केला, कारण इव्हेंट म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची वार्ता असते, हुकूम नसतो. असे नाव ब्राउझरच्या कोणत्याही इव्हेंटाशी कधी जुळत नाही. समजा यादीत ते लिहायचे राहिलेच, तरी मूळ एलिमेंटवर बसलेला तो लिसनर कधीही न घडणाऱ्या इव्हेंटाची वाट पाहत निमूट बसून राहतो. हिशेब बिघडवत नाही. यादी लिहायची आहेच, पण नाव असे असले की एक विसर माफ होतो.

नावाबद्दल आणखी एक सांगायला हवे. दुसऱ्या आवृत्तीत इव्हेंटाचे नाव अक्षरशः जसेच्या तसे जुळावे लागत असे. एका बाजूला जोडरेघ आणि दुसऱ्या बाजूला मोठे अक्षर असले की ते ऐकू येत नसे. तिसऱ्या आवृत्तीत मोठ्या अक्षराच्या पद्धतीने पुकारलेला इव्हेंट जोडरेघेच्या पद्धतीने ऐकता येतो. त्यामुळे असेही घडू शकते की इतकी वर्षे चुकीच्या नावामुळे झोपून राहिलेला एखादा लिसनर अपग्रेडनंतर अचानक जागा होतो. माझ्याकडे असा एक निघाला, सुदैवाने निरुपद्रवी.

यादी नुसत्या नावांची न करता प्रत्येक नावापुढे तपासणीचे फंक्शन देता येते. 'वजन-नोंदले' यासोबत येणारा आकडा शून्यापेक्षा मोठा आहे का, हे मी तेथे पाहतो. मात्र ही तपासणी इव्हेंट अडवत नाही. विकासाच्या वेळी कन्सोलवर इशारा देते, इतकेच. ज्या दिवशी मी हे समजून घेतले त्या दिवशी सर्व्हरवर वेगळी भिंत उभी केली: पडद्यावर नोंदीचा रकाना उघडतानाच त्या नोंदीला एक स्वतंत्र खूण मिळते आणि त्याच खुणेची दुसरी नोंद सर्व्हर स्वीकारत नाही. मुनीमजींच्या हातून घाईत बटण दोनदा दाबले गेले तरी आता कट्टा एकच लागतो. ही भिंत पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. शेतकऱ्याच्या मालाची नोंद पडद्यावरच्या लायब्ररीच्या भरवशावर सोडणे ही माझी चूक होती, आणि ती कोणत्याही आवृत्तीवर ढकलता येणार नाही.

आता इव्हेंट बसकडे, म्हणजे कंपोनेंटांनी एकमेकांना दूरवरून हाका घालायच्या सामायिक वाटेकडे, वळतो, कारण काम सर्वांत जास्त तेथेच निघाले. त्याला थोडा इतिहास आहे. इव्हान यू यांनी २०१४ मध्ये व्ह्यू प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीत कंपोनेंटला '$डिस्पॅच' ने वरच्या सगळ्या पिढ्यांना आणि '$ब्रॉडकास्ट' ने खालच्या सगळ्या पिढ्यांना हाक घालता येत असे. २०१६ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने ते दोन्ही काढले, कारण कंपोनेंटांचे झाड वाढत गेले की कोणाची हाक कोणाला लागली हे सांगणे कठीण होत असे. त्याऐवजी लोक व्ह्यूचे एक रिकामे इन्स्टन्स तयार करून त्याचीच बस करू लागले: कोणीही तिच्यावर '$एमिट' करायचे आणि कोणीही '$ऑन' ने ऐकायचे. माझ्याही प्रोग्राममध्ये काट्याचे वजन असेच फिरत होते. काटा केबलने संगणकाला जोडलेला असतो, एक छोटा प्रोग्राम त्याचे आकडे वाचून ब्राउझरला पाठवतो, आणि तेथून ते बसवर पुकारले जातात. तिसऱ्या आवृत्तीने '$ऑन', '$ऑफ' आणि '$वन्स' या तिन्ही मेथड काढून टाकल्या. म्हणजे प्रत्येक मोठ्या आवृत्तीने दूरवर हाक घालण्याची एकेक वाट बंद करत आणली आणि शेवटी '$एमिट' ही पालकापुरती वाट तेवढी ठेवली. मला ही दिशा योग्य वाटते, जरी तिने माझे तीन दिवस घेतले.

या मेथड गेल्याचे लगेच कळते, कारण तेथे स्पष्ट एरर येते. ओरडणारी चूक नेहमीच बरी. जुनी बस काढून मी तेथे 'मिट' ही अगदी चिमुकली लायब्ररी बसवली. व्ह्यूच्या स्थलांतराच्या मार्गदर्शिकेतच तिचे आणि 'टायनी-एमिटर' चे नाव सुचवलेले आहे. नावे तीच, ऑन, ऑफ, एमिट, म्हणून शोधून बदलून टाकले, आणि येथे दुसऱ्यांदा फसलो. जुन्या '$एमिट' मध्ये नावानंतर हवे तितके तपशील देता येत. 'मिट' मात्र नावानंतरचा एकच तपशील पोहोचवते. माझ्या कोडमध्ये 'वजन-आले' यासोबत काट्याचा क्रमांक आणि किलो असे दोन आकडे जात होते. त्यातला काट्याचा क्रमांक पोहोचला आणि वजन वाटेत हरवले. एकच काटा असलेल्या दुकानात पडद्यावर त्याचा क्रमांक, म्हणजे १, बरोबर दिसत राहिला आणि वजनाचा रकाना रिकामा राहिला. आता प्रत्येक इव्हेंटासोबत एकच ऑब्जेक्ट जातो आणि त्यात नावे देऊन सगळे तपशील ठेवलेले असतात. कंपोनेंटच्या '$एमिट' ला आजही अनेक तपशील चालतात, पण तेथेही मी हीच रीत पाळतो. 'मिट' मध्ये 'वन्स' नाही, हेही लक्षात ठेवावे. एकदाच ऐकायचे असेल तर हँडलरने स्वतःला काढून घ्यावे लागते.

बसमधली तिसरी खोड सर्वांत उशिरा, आठवडाभराने, दिसली. सकाळी पहिल्या शेतकऱ्याचे वजन बरोबर लागायचे, दुपारपर्यंत मात्र संगणक जड व्हायचा, आणि आपोआप नोंद घेणाऱ्या एका पडद्यावर एकाच वजनाच्या तीन-चार विनंत्या सर्व्हरकडे जाताना दिसायच्या. सर्व्हरवरची भिंत येथे कामाला आली नाही, कारण प्रत्येक विनंतीची खूण वेगळी होती. तो पडदा उघडताना बसवर कान लावतो आणि बंद होताना 'बिफोर-डिस्ट्रॉय' या टप्प्यावर तो कान काढून घेतो, असा कोड होता. तिसऱ्या आवृत्तीत त्या टप्प्याचे नाव 'बिफोर-अनमाउंट' झाले आहे आणि 'डिस्ट्रॉइड' चे 'अनमाउंटेड'. जुने नाव लिहिलेले फंक्शन तेथेच पडून राहते. त्याला कोणी बोलावत नाही. म्हणजे पडदा जितक्या वेळा उघडला तितके कान बसवर शिल्लक राहिले, आणि डोळ्यांआड झालेला प्रत्येक पडदा मागून नोंद करत राहिला. कॉम्पॅट बिल्ड याचा इशारा देतो, पण ते इशारे कंपोनेंट प्रत्यक्ष उघडला तरच येतात, आणि तो एक पडदा मी त्या महिन्यात कधी उघडलाच नव्हता. म्हणून कन्सोल रिकामा दिसला म्हणून कॉम्पॅट काढू नये. कोड न चालवता तपासणारे साधन हवे. 'ईएसलिंट' साठी व्ह्यूचा जो प्लगइन आहे त्यात जुने टप्पे, जुन्या इव्हेंट मेथड, '.नेटिव्ह' आणि जाहीर न केलेले इव्हेंट या प्रत्येकासाठी नियम आहे. ते नियम चालू केल्यावर पाच मिनिटांत जी यादी निघाली ती मला आठवडाभर दुकानात बसून सापडली नसती.

बाकीच्या बदलांवर फार वेळ गेला नाही. रकाना आणि त्यातला डेटा जोडून ठेवणाऱ्या, कंपोनेंटवरच्या 'व्ही-मॉडेल' साठी पूर्वी 'व्हॅल्यू' हा प्रॉप (पालकाने खाली दिलेला तपशील) आणि 'इनपुट' हा इव्हेंट लागत असे. आता 'मॉडेल-व्हॅल्यू' आणि 'अपडेट:मॉडेल-व्हॅल्यू' लागतात. बदल राहून गेला असेल तर रकाना कोरा दिसतो, आणि ब्राउझरच्या तपासणीत मूळ एलिमेंटवर 'मॉडेल-व्हॅल्यू' नावाचा अनोळखी ॲट्रिब्यूट चिकटलेला सापडतो. ती ओळखीची खूण आहे. '.सिंक' ची पुस्ती गेली आणि तिचे काम नाव दिलेले 'व्ही-मॉडेल' करते, एका कंपोनेंटवर हवी तितकी. ज्या कंपोनेंटमध्ये लेबलच्या आत इनपुट आहे तेथे ॲट्रिब्यूट मूळ एलिमेंटवर आपोआप जाण्याची सोय बंद करून '$ॲट्रस' मुद्दाम आतल्या इनपुटवर बांधावे लागते, आणि आता क्लास व स्टाइल हेही त्याच खात्यात येत असल्यामुळे तेही आत जातात. माझ्या दोन पडद्यांची मांडणी यामुळे विस्कटली होती. आणि ज्या कंपोनेंटला एकाहून अधिक मूळ एलिमेंट आहेत, तेथे लिसनर कोणावर बसवायचा हे लायब्ररीला ठरवता येत नाही, म्हणून ती तो कोणावरच बसवत नाही आणि विकासाच्या वेळी तसा इशारा देते. तो इशारा दुर्लक्षित करू नये, कारण अशा ठिकाणी बटण दाबून काहीच होत नाही.

हे सर्व झाल्यावर ज्या दिवशी तिसऱ्या आवृत्तीवरचा दुरुस्त प्रोग्राम दुकानात बसवला, त्या दिवशी मी पहाटेच गेलो. मुनीमजींना म्हटले, आज एक दिवस वही आणि संगणक दोन्ही चालवू. त्यांनी प्रत्येक कट्टा वहीत मारला आणि संगणकावरही घेतला. संध्याकाळी सौदे आटोपल्यावर आम्ही दोघांनी एकेक पट्टी जुळवली. कट्टे जुळले, किलो जुळले, हमाली जुळली. दुसऱ्या दिवशी मी विचारले की वही आणखी किती दिवस ठेवायची, तेव्हा ते म्हणाले, "तूर येईस्तोवर राहू द्या." जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली तेव्हाही वही गल्ल्याशेजारी होती, आणि दिवसाअखेर तिच्यातली कट्ट्यांची बेरीज ते पडद्यावरच्या बेरजेशी ताडून पाहत होते. तीच बेरीज आता मी प्रोग्राममध्येही घेतली आहे: मुनीमाने आपली मोजणी लिहिल्याशिवाय त्या शेतकऱ्याची पट्टी छापली जात नाही.